ऑप्शनला टाकलेला धडा

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. वर्गातले बाकी सगळे फॉर्म आले, नववीतल्या एका मुलीचा तेवढा पालकांच्या सहीवाचून अडला होता. मुलीचा हात उत्तम. ईद आली किंवा मोहल्ल्यात लग्न निघाले, की मेंदी काढून घ्यायला बायका हिच्याच घरी जाऊन बसतात. चार दिवस वाट पाहून आम्ही निरोप पाठवला, तेव्हा वडील स्वतः शाळेत आले. ते लादी बसवण्याचे काम करतात. साइटवरून तसेच आले होते, नखांत पांढरे सिमेंट होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"सर, सही करतो," ते म्हणाले. "पण सात मार्कांसाठी करतो. मार्क मिळाले की बंद. पुढे चित्रंबित्रं, गाणंबजावणं आमच्या घरात नको. तुम्हीच तिला समजावून सांगा."

ज्यांच्या घरात दहावीचे मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही परीक्षा राज्याचे कला संचालनालय घेते. तिच्यात अ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात 7 गुण वाढतात, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. जिथे अर्ध्या टक्क्यावरून अकरावीचा प्रवेश हुकतो तिथे सात गुण ही लहान गोष्ट नव्हे. त्यामुळे ज्या मुलांनी कधी एखाद्या चित्राकडे दोन मिनिटे टक लावून पाहिलेले नाही, तीही क्लास लावून तांब्या, दोन फळे आणि मागच्या कापडाच्या चुण्या काढायला शिकतात. परीक्षा झाली की रंगपेटी धाकट्या भावाकडे जाते.

त्या गृहस्थांना आम्ही काय उत्तर दिले? काहीच नाही. "बघू" म्हणालो आणि तासाची घंटा झाली म्हणून सुटलो. कारण इतकी वर्षे आम्हीही मुलांना तेच सांगत आलो होतो: मार्क मिळतात, बसून घ्या परीक्षेला. आता तेच वाक्य एका बापाने आमच्यासमोर ठेवले, तर ते आम्हाला रुचले नाही.

घरी गिरीजला परतताना बस केळीच्या वाड्यांमधून जाते. सगळ्या वाटेत तेच डोक्यात होते. मगरिबनंतर दहावीचे इतिहासाचे पुस्तक काढून बसलो. आम्ही मूळचे भाषेचे शिक्षक, उर्दू आणि मराठीचे. इतिहासाचे तास आमच्याकडे आले ते शाळेत माणूस कमी पडला म्हणून. बालभारतीच्या या पुस्तकात चौथा धडा आहे 'भारतीय कलांचा इतिहास' आणि सहावा आहे 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास'. चित्र, शिल्प, वास्तू, गायन, वादन, नृत्य, पुढे नाटक आणि सिनेमा, सगळे या दोन धड्यांत आलेले आहे. पण बोर्डाच्या परीक्षेच्या हिशेबाने मुले यातला बराचसा भाग ऑप्शनला टाकतात, आणि खरे सांगायचे तर आम्हीच त्यांना टाकायला शिकवतो. वारली चित्रपरंपरेवर टीप पाठ करा, चित्रकथीवर चार ओळी लिहा, पुढे चला. नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' असा एक वेगळा विषयही आहे. तो श्रेणीचा विषय. त्याचे तास गणिताला जातात हे पालकांना ठाऊक नसले तरी मुलांना पक्के ठाऊक असते.

त्या रात्री चौथा धडा आम्ही पहिल्यांदा वाचावा तसा वाचला. गायनाच्या भागात एक नाव आले आणि आम्ही थांबलो. विजापूरचा सुलतान इब्राहिम आदिलशहा दुसरा, आणि त्याचा 'किताब-ए-नवरस'. हे नाव आम्हाला नवीन नव्हते. उर्दू घेऊन शिकलेल्या कुणालाच ते नवीन नसते. दखनी भाषेचा जुना नमुना म्हणून आम्ही ते परीक्षेत लिहून आलो होतो. पण ते पुस्तक कशासाठी लिहिले गेले, हे आम्ही कधी स्वतःला विचारले नव्हते.

हा सुलतान 1580 ते 1627 या काळात गादीवर होता. त्याच्या दरबारात इराणहून आलेले कवी, कातिब, चित्रकार होते. ही मंडळी फारसीत वाढलेली. शृंगार, करुण, वीर असे नऊ रस म्हणजे काय, इथले गाणे ऐकताना नेमके कशात रमायचे, हे त्यांना माहीत नव्हते. अशा लोकांना इथल्या रसांची ओळख व्हावी म्हणून सुलतानाने स्वतः दखनीत गीते रचली आणि ती रागांनुसार मांडली. इराणमधून आलेल्या जुहूरी या कवीने त्याला फारसीत प्रस्तावना लिहिली. त्या गीतांत सरस्वतीची स्तुती आहे, गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचे स्तवन आहे, सुलतानाचा लाडका हत्ती आतिशखान आहे आणि त्याचा मोतीखान नावाचा तंबोराही आहे. म्हणजे ज्यांना कला कळत नाही त्यांना ती समजावून देणारे पुस्तक आपल्याच दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वी निघाले होते, आणि ते लिहिणारा मुसलमान सुलतान होता. डॉ. सय्यद याह्या नशीत यांनी ते मराठीत आणले आहे. आणि दहावीच्या पुस्तकात ही गोष्ट असूनही आम्ही ती ऑप्शनला टाकत होतो!

इथे काही वाचक भगिनी-बंधूंच्या कपाळाला आठी पडली असेल. ती आम्हाला दिसते आहे. तसवीर, मौसिकी आणि सिनेमा यांच्याबद्दल आपल्या घरांत जो संकोच आहे तो निराधार नाही. सजीवांची चित्रे काढणाऱ्यांविषयी हदीसी आहेत. त्यांचा अर्थ कुठवर न्यायचा यावर उलेमांत मतभेद आहेत. कुणी सर्वच सजीव चित्रांना मनाई करतात, कुणी मूर्ती आणि सपाट चित्र यांत फरक करतात. दुसरीकडे हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांची आणि ईदच्या दिवशी दफ वाजवून गाणाऱ्या मुलींची रिवायतही आपण ऐकलेली असते. आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत. कुणाच्या घरात कोणती रेषा कुठे ओढायची हे त्या घराने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. आमचे म्हणणे त्याच्या आधीचे आहे. ज्या घरात भिंतीवर एक चित्र नाही, त्या घरातले मूल हातातल्या मोबाइलवर दिवसाला शेकडो चित्रे, गाणी आणि सिनेमाचे तुकडे पाहते. ते काय पाहते आहे, कोण दाखवते आहे, कशासाठी दाखवते आहे, हे त्याच्याशी कुणी बोलत नाही. आपण पुस्तक बंद ठेवले म्हणून त्याचे डोळे मिटलेले राहत नाहीत.

शिवाय पुस्तकात चित्र घालण्याची गोष्ट आपल्याकडे काल आलेली नाही. पंचतंत्रातल्या कथा पहलवी भाषेतून अरबीत आल्या त्या आठव्या शतकात, 'कलीला व दिमना' या नावाने. इब्न अल-मुकफ्फा या कातिबाने ते भाषांतर केले, आणि प्रस्तावनेत प्राण्यांची चित्रे कशासाठी हेही लिहिले: वाचणाऱ्याचे मन रमावे आणि पुस्तकाची ओढ वाढावी. त्याच कथा पुढे फारसीत 'अन्वार-ए-सुहैली' झाल्या आणि अकबराच्या चित्रशाळेत त्यांची चित्रे काढली गेली. त्या सचित्र हस्तलिखिताची पाने मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. वसईहून लोकल पकडून चर्चगेटला उतरले की तिथून ते संग्रहालय काही फार लांब नाही. मराठी शाळेतली जी मुले बडबड्या कासवाची गोष्ट पाठ म्हणतात, त्यांनी त्या पानांसमोर एकदा उभे राहावे असे आम्हाला फार वाटते.

पण रोज कुणी मुंबईला जात नाही. म्हणून पुस्तके. त्या घटनेनंतरच्या रविवारी आम्ही पिशवीत दोन पुस्तके घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. दोन्ही आमच्या गिरीजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. त्यांच्या मुलांच्या हातून पुस्तके सुटत नाहीत, आणि आमच्याकडे शब्दकोश सोडले तर मुलांनी उघडावे असे फारसे काही नाही. हीसुद्धा लिहायला लाजिरवाणी गोष्ट आहे.

पहिले पुस्तक माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन'. दुसरे त्यांनीच संपादित केलेल्या 'वाचू आनंदे'चा कुमारगटाचा भाग. दोन्ही पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची. माधुरीताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, नंतर फ्रान्समध्ये. पिकासोचे मराठीतले चरित्र त्यांचेच. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'वाचू आनंदे'चे चार भाग आहेत, दोन बालगटाचे आणि दोन कुमारगटाचे. मराठीतल्या चांगल्या लेखकांचे उतारे त्यात आहेत आणि त्यांच्या सोबतीला भारतीय कलेचे नमुने. उतारा वाचताना मुलाची नजर शेजारच्या चित्रावर जाते, आणि चित्र पाहून झाले की ते पुन्हा उताऱ्याकडे येते. हे चित्र अमुक शतकातले, अमुक शैलीचे, लक्षात ठेवा, अशी दटावणी नाही. आमच्या मते मुलांना कलेकडे नेणारे मराठीतले हे सर्वांत शहाणे पुस्तक आहे, आणि त्याच्या नावात कला हा शब्दसुद्धा नाही.

घरी वडील नव्हते. मुलीची आई चहा ठेवायला आत गेली. दादी पलंगावर बसून तस्बीह करत होत्या. त्या कुरआन वाचतात, थोडे उर्दू वाचतात, मराठी लिपी त्यांना येत नाही. नातीने 'चित्रवाचन' त्यांच्यापुढे उघडले. या पुस्तकात वाचायला मजकूर फारसा नाहीच. रोजच्या जगण्यातली चित्रे आहेत आणि ती पाहून आपण बोलायचे आहे. दादींनी चश्मा लावला. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका पानावर बोट ठेवून नातीलाच विचारू लागल्या: हा असा का बसलाय? रुसलाय का? ही कुणाची वाट बघते? नात उत्तरे देऊ लागली, दादींना ती पटेनात, त्या दुसरेच सांगू लागल्या. अर्धा तास दोघींचे चालले होते. बीएडला आम्हाला प्रश्न विचारण्याची कौशल्ये शिकवली होती, त्यांचे पाठ घेतले होते. एवढे चांगले प्रश्न आम्ही त्या पाठांत विचारले नव्हते.

निघताना दादी म्हणाल्या, "एक किताब ठेवून जा." आम्ही दोन्ही ठेवली. शेजाऱ्यांना काय सांगायचे ते नंतर पाहू म्हटले.

वर्गात आम्ही आणखी एक प्रयोग केला. चित्रकार सैयद हैदर रझा यांच्या बालपणाची एक गोष्ट आहे. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत ते शिकत होते. मन एका जागी ठरत नसे. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बस म्हणून सांगितले. तोच बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत आला आणि जगभर गेला. मधल्या काळात ते नागपूरच्या आणि मुंबईच्या कलाशाळांत शिकले. ही गोष्ट मुलांसाठी 'रझाज बिंदू' या इंग्रजी पुस्तकात सचित्र दिली आहे. मराठीत किंवा उर्दूत असे पुस्तक प्रत्येक शाळेत का नसावे, असा प्रश्न पडतो. तर, आम्ही नववीच्या फळ्यावर खडूने एक ठिपका काढला. पहिल्या मिनिटाला हसणे, दुसऱ्या मिनिटाला खुसखुस. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, तो हलतोय." मग सगळ्यांनाच तो हलताना दिसू लागला. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी येऊन विचारले, आज एवढी शांतता कशी?

परीक्षेच्या अभ्यासक्रमाकडेही आम्ही नव्याने पाहिले. इंटरमिजिएटला स्थिरचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम असते, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असते. यातले शेवटचे विषय पाहा. नक्षी, कंपास-पट्टीची भूमिती आणि सुंदर अक्षर. ज्या गोष्टींबद्दल कुठल्याही आलिमाचा आक्षेप नाही, ज्यांत मुसलमान कारागिरांनी शेकडो वर्षे आपले सारे कसब ओतले, त्याच या परीक्षेत विचारतात. 'किताब-ए-नवरस' लिहिणाऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर विजापूरच्या इब्राहिम रौज्यात आहे. तिथल्या काही खिडक्यांची दगडी जाळी म्हणजे कोरलेली अरबी अक्षरे आहेत. उजेड आत येतो तो अक्षरांमधून. अक्षरलेखनाच्या तासाला हा फोटो फळ्याजवळ लावला तर किती वेळ लागतो?

अक्षरांसाठी तर आम्हाला विजापूरलाही जायला नको. आमच्या गिरीजशेजारच्या भुईगावात 1956 साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याआधी 1882 मध्ये सोपाऱ्याला पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची, दगडावर सरळ ओळीत खोदलेली ब्राह्मी अक्षरे. ज्या रस्त्याने आमची मुले सायकलवरून समुद्रावर जातात त्याच गावची. वारलीचेही तसेच. टीप पाठ करणाऱ्या मुलांना हे माहीत नसते की जिव्या सोमा मशे आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याचे होते, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ते वारले. मुलांना वाटते वारली म्हणजे साडीच्या काठावरचे डिझाइन.

संगीताबद्दल मात्र आम्हाला अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चित्र पुस्तकात छापता येते, सूर छापता येत नाही. अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकर यांचे 'नादवेध' हे रागांविषयीचे पुस्तक चांगले आहे. मोठ्यांनी जरूर वाचावे. पण शाळकरी मुलाने ते नुसते वाचणे म्हणजे बिर्याणीचे वर्णन ऐकून जेवल्यासारखे आहे. पान उघडे ठेवून शेजारी तो राग ऐकला तरच त्याचा उपयोग. वाद्यांविषयी ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनीही एक गोष्ट विचारात घ्यावी. आमच्या गिरीजच्या ख्रिस्ती मुलांचा कान चर्चच्या गायनवृंदात तयार होतो. आपल्या मुलांचा कान मदरशात तयार होतो: तजवीद, मद्द किती ओढायचा, कुठे थांबायचे, श्वास कुठे घ्यायचा. नातखाँ आणि मुशायऱ्यात तरन्नुमने वाचणारा शायर यांना आपण ऐकतोच. हा तयार कान घेऊन मूल गायनाचा धडा वाचू लागले तर त्याला तो परका वाटायला नको.

आणि धडा वाचायचाच असेल तर मिरजेपासून सुरुवात करावी. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे उस्ताद अब्दुल करीम खाँ महाराष्ट्रात आले आणि मिरजेचे झाले. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेब 1937 साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात दर वर्षी गाणे होते. त्याच मिरजेत सतार आणि तंबोरा तयार करणारी घराणी आहेत. शिकलगार, म्हणजे मूळची हत्यारांना धार लावणारी मंडळी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्ये करायला घेतली आणि तो व्यवसाय आजवर चालत आला. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, कोरायचे, त्यावर लाकडी दांडी आणि नक्षी चढवायची. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दर्गा, गवई, कारागीर आणि भोपळा पिकवणारा शेतकरी, सगळे एकाच गोष्टीत येतात. मुलांसाठी हे कुणीतरी सचित्र लिहायला हवे. आमच्या पाहण्यात तसे मराठी पुस्तक आलेले नाही.

सिनेमाचा विषय काढला की स्टाफरूममध्येही आवाज चढतात. आम्ही मुलांना सिनेमा दाखवा असे म्हणत नाही. ती तो पाहतातच. पाहिलेल्यावर बोलायला शिकवा, एवढेच म्हणतो. दहावीच्या सहाव्या धड्यात दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'पासूनची हकिगत आहे. ती सांगताना आम्ही एका तासाला सत्यजित राय यांचा 'टू' हा 1964 चा लघुपट दाखवला. जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा. एकही संवाद नाही. बंगल्यातला खेळण्यांत बुडालेला मुलगा आणि बाहेरच्या झोपडीतला मुलगा, एवढी दोनच पात्रे. झोपडीतला मुलगा पतंग उडवतो, बंगल्यातला तो छऱ्याच्या बंदुकीने फाडतो. संपल्यावर आम्ही विचारले, कॅमेरा कुणाच्या घरात होता? वर्ग गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "सर, श्रीमंताच्या. गरिबाकडे आपण खिडकीतूनच बघतो." तीच मुलगी, जिचा फॉर्म अडला होता.

मुसलमान घरांना हे सगळे परके आहे असे ज्यांना वाटते त्यांनी इराणकडे पाहावे. 1965 साली तेहरानमध्ये बालक आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी एक संस्था निघाली. लोक तिला नुसते 'कानून' म्हणतात. आधी मुलांची वाचनालये, मग पुस्तके, मग सिनेमा असा तिचा प्रवास. 1968 साली समद बहरंगी यांची छोट्या काळ्या माशाची गोष्ट फर्शिद मिस्काली यांच्या चित्रांसह तिथूनच निघाली आणि 1974 मध्ये मिस्काली यांना चित्रांसाठी हान्स अँडरसन पुरस्कार मिळाला. अब्बास कियारोस्तामी यांनी आपला पहिला लघुपट 1970 मध्ये तिथेच केला: पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि गल्लीतला कुत्रा, एवढीच त्याची कथा. 1979 ची क्रांती झाली, राज्य बदलले, कायदे बदलले, पण ही संस्था बंद पडली नाही. कियारोस्तामी यांचा 1987 चा मित्राचे घर शोधणाऱ्या शाळकरी मुलाचा चित्रपटही तिचाच. वहीत गृहपाठ केला नाही म्हणून धास्तावलेले मूल त्यात आहे. शिक्षकांनी तो पाहिला तर थोडी लाज वाटेल, आम्हाला वाटली.

मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे मराठी पुस्तक सुचवतो. त्याला चित्रपटविषयक उत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. 'प्यासा'तली साहिरची शायरी आपल्या उर्दू घरांत तोंडपाठ असते. पण सभागृहाच्या दारात नायक उभा आहे, उजेड त्याच्या पाठीमागून येतो आहे, तो तसाच का ठेवला, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. शब्द ऐकण्यात इतके गुंगलो होतो. हे पुस्तक वाचल्यावर तो सिनेमा पुन्हा पाहिला.

खर्चाचे म्हणाल, तर बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, मराठीतही आणि उर्दूतही. ज्या घरात दादी उर्दू वाचते आणि नात मराठी, तिथे तोच चौथा धडा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवता येतो. बाकीची पुस्तके वाचनालयातून मागवता येतात. दोन-तीन घरांनी मिळून एक संच घेतला तरी चालतो.

आता त्या वडिलांचे. पंधरा दिवसांनी आम्ही पुस्तके परत आणायला गेलो. या वेळी ते घरी होते. मुलगी जमिनीवर कागद पसरून संकल्पचित्राचा सराव करत होती. वर्तुळ, त्याचे आठ भाग, आठ टोकांचा तारा, आणि तो चौकटीत ओळीने पसरत नेलेला. वडील उभ्या उभ्या पाहत होते. मग खाली बसले, तिच्या हातातली पट्टी घेतली आणि म्हणाले, "हा तारा इथून सुरू करू नको. भिंतीपाशी आलीस की अर्धा तुटेल. आधी मधला धर, मग दोन्हीकडे जा. आम्ही लादी अशीच मांडतो." तिने खोडले आणि मधून सुरुवात केली. त्यांनी तिला तारा आणि चौकोन यांच्या मध्ये उरणाऱ्या तुकड्याचा कोन काढून दाखवला, कंपास न वापरता, नुसत्या दोरीने. आम्हाला तो कोन भूमितीच्या पुस्तकातून काढावा लागला असता.

आम्ही त्यांना इब्राहिम रौज्याच्या जाळीचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. अक्षरे वाचायचा प्रयत्न केला. मग विचारले, "हा एकाच दगडात कापलाय?"

फॉर्मवर सही केली. सात मार्कांचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. बारावीनंतर मुलीला कलाशाळेत पाठवणार का, हेही विचारले नाही. ते अजून ठरलेले नाही. 'चित्रवाचन' परत मिळाले. 'वाचू आनंदे' दादींनी उशाशी ठेवले आहे, शेजाऱ्यांना दुसरी प्रत आणून द्यायची आहे.